घमेल्याखालची खूण

पेंटरने विजेत्यांच्या फळ्यावरची तेहतीस नावं पांढऱ्या रंगाने पुन्हा गिरवली आणि चौतिसाव्या ओळीपाशी ब्रश थांबवला. "मॅडम, १९९५ समोर काय लिहू? इथं नावच नाही."

क्लबच्या सेक्रेटरी अंजली यांनी बाकावर बसलेल्या दोघा सत्तरीच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. मातीच्या टेनिस कोर्टावर शेवटचं खेळायचं म्हणून दोघे रॅकेट घेऊन आले होते.

"माझं लिहा," पंचवटीचे गंगाधर गायधनी म्हणाले. "इनिशियलसकट लिहा."

"बॉल बाहेर होता," सातपूरचे प्रफुल्ल पगारे चहाच्या कपात बघत म्हणाले.

कोर्टावर खराटा मारणाऱ्या निवृत्तीचा हात थबकला. उद्या सकाळी जेसीबी येणार, लाल माती उकरणार आणि तिथे निळं सिंथेटिक कोर्ट बसणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी आज पहाटे त्याने पाणी मारलं होतं, रूळ फिरवला होता, चुन्याच्या रेषा ओढल्या होत्या. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

ही सगळी भानगड गोदा करंडकाची. एके काळी धुळे, जळगाव, नगरहून खेळाडू या मातीत घसरायला यायचे. शेवटच्या फायनलला गायधनी मॅच पॉइंटवर होते आणि त्यांचा फटका रेषेपाशी पडला. आत असेल तर ते जिंकले, बाहेर असेल तर खेळ पुढे चालू. पण तोवर अंधारून आलं होतं, पंचांना मातीतली खूण दिसेना. "उद्या उजेडात बघू," ते म्हणाले आणि निवृत्तीने खुणेवर घमेलं पालथं घातलं. सकाळी घमेलं उचललं तर खाली माती साफ! पंच संतापून निघून गेले, पॉइंट पुन्हा खेळायला दोघेही तयार होईनात. पुढच्या वर्षापासून स्पर्धाच बंद पडली. मागे राहिलं ते या दोघांचं भांडण. एका रविवारी पंचवटीत गायधनींच्या ओट्यावर, दुसऱ्या रविवारी सातपूरला पगारेंच्या गॅलरीत, ते तीस वर्षं बिनचूक चालू होतं.

"मामा," अंजलींनी हाक मारली, "घमेलं तुम्हीच ठेवलं होतं ना? तुम्हाला काही माहिती आहे?"

हा प्रश्न तीस वर्षांत त्याला कुणी विचारला नव्हता. कोर्ट झाडणाऱ्याला कोण विचारतो! निवृत्तीच्या मुलीच्या लग्नात गायधनींनी स्वतः उभं राहून मंगलाष्टकं म्हटली होती. तिथेही तो त्यांच्या नजरेला नजर देऊ शकला नव्हता.

"आत व्हता," तो म्हणाला. "रेषेवरच. चुना उडाला व्हता. पहाटं मी घमेलं उचलून पाह्यलं, अन् खराटा मारला."

गायधनी ताडकन उठले. "निवृत्ती! अरे, का?"

"कमिटीचे साहेब आदल्या दिशी बोलत व्हते, हे शेवटचं वरीस हाय म्हणून. मला वाटलं, फायनल संपली नाय तर स्पर्धा कशी संपंल? ऱ्हायलेली फायनल खेळायला तरी पुढल्या साली सगळे येतील." त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "लय येड्यावानी केलं, साहेब. तुमचं नाव मी पुसलं."

गायधनी लालबुंद होऊन त्याच्याकडे निघाले. तेवढ्यात मागून पगारे म्हणाले, "मलाही आतच दिसला होता."

"काय?"

"माझ्या पायाशी पडला. मला नाही दिसणार?"

"मग तीस वर्षं भांडलास कशाला?"

"नाहीतर तू पंचवटी सोडून सातपूरला आला असतास?"

गायधनींनी दोन-तीन शिव्या मंत्र म्हणावेत इतक्या खणखणीत हासडल्या. मग चष्मा काढला आणि उपरण्याने बराच वेळ पुसत बसले.

"म्हणजे ठरलं तर," अंजली म्हणाल्या. "पेंटरदादा, लिहा, गंगाधर..."

"थांबा. असं फुकट मिळालेलं नको मला." गायधनींनी रॅकेट उचलली. "पगारे, ऊठ. तोच पॉइंट."

पगारेंनी गुडघ्याचा पट्टा आवळला. बॉल चार वेळा जाळ्यावरून गेला. त्यातला एक पगारेंनी दुसऱ्या टप्प्यावर घेतला, पण त्यावर कुणी बोललं नाही. निवृत्ती टोपी मुठीत घट्ट धरून उभा होता. पाचव्यांदा गायधनींनी त्याच कोपऱ्यात तसाच फटका मारला. पगारे दोन पावलं धावले आणि थांबले. बॉल रेषेपाशी पडला, लाल माती उडाली.

दोघे धापा टाकत खुणेवर वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"मामा, तुम्हीच सांगा आता," अंजली म्हणाल्या. "आत की बाहेर?" पेंटरने ब्रश रंगात बुडवून तयार ठेवला.

निवृत्ती आला. उकिडवा बसून त्याने खूण नीट पाहिली, दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. मग भिंतीशी पडलेलं घमेलं आणून त्याने ते खुणेवर अलगद पालथं घातलं.

"अंधार लय झालाय," तो भर उन्हात म्हणाला. "उद्या बघू."