ऐकू आलं की बटण दाबायचं

"मला काही झालेलं नाही, तूच हल्ली पुटपुटतेस," आई वाटभर मला सुनावत होती. पण माझ्या हातातला तिचा हात गार पडला होता. ती गाणं शिकवते, आणि परवा एका विद्यार्थिनीच्या बेसूर तानेला तिने मान डोलावून दाद दिली होती.

कान तपासायच्या खोलीत तिला काचेपलीकडे बसवून हेडफोन लावले. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तिने बटण दाबलं, आमच्या बाजूला हिरवा दिवा लागला. पुन्हा लागला. आई डोळे मिटून, हसत, अगदी ठेक्यात दाबत होती. माझा जीव भांड्यात पडला.

"बघा, एकही चुकत नाही!"

तपासणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या,

&nbsp;

"अहो, मी अजून आवाज सुरूच केलेला नाही."