किती कापता?

"सव्वादोन टक्के," कार्डाचं मशीन देणाऱ्या पहिल्या कंपनीचा माणूस म्हणाला आणि खिशातला कंगवा काढून सलूनच्याच आरशात भांग पाडू लागला.

सलूनमालकाला शिसारी आली. दराची की कंगव्याची, हे त्याचं त्यालाही ठरवता येईना. कंगव्याच्या दातांत निदान दोन वर्षांचा मळ होता.

"सव्वादोन म्हणायला जीभ कशी रेटते हो तुमची? हा आकडा घेऊन मी वहिनीला तोंड कसं दाखवू?"

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून सलूनची अर्धी भागी तिची. दर रविवारी भावोजींनी आठवड्याची कमाई वाचून दाखवायची, त्यातून मशीननं कापलेले पैसे वजा करायचे आणि उरल्याचा अर्धा वाटा तिच्या हातावर ठेवायचा. तीन वर्षं तिनं तो मुकाट घेतला. गेल्या रविवारी मात्र नोटा परत टेबलावर ठेवल्या.

"भावोजी, हे मशीन आहे की घूस? एवढं कोणी खातं का? कंपनीचा कागद दाखवा मला."

"तो उंदरांनी खाल्ला, वहिनी."

"तुमच्याकडे सगळे खाणारेच दिसतात. मग नव्या कंपन्यांचे दर आणा, सहीशिक्क्यानिशी. शनिवार संध्याकाळपर्यंत. नाहीतर माझा वाटा शेजारच्या चपलावाल्याला विकून मी मोकळी."

चपलावाल्यानं मधली भिंत पाडायला गवंडीही बघून ठेवला होता. आणि आज शनिवार होता.

दुसऱ्या कंपनीची बाई च्युइंगगम चघळत आली.

"दोन टक्के. मशीनचं भाडं नाही. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात."

"ताई, हे कागदावर लिहून देण्यापेक्षा कागदावर थुंकल्या असतात तरी चाललं असतं."

"मालक, बाजारात विचारून बघा. या दरात आमचं काही सुटत नाही."

"तुमचं राहू द्या. माझं काय सुटतं ते सांगा!"

ती तडकली आणि निघून गेली. च्युइंगगम मात्र खुर्चीच्या हाताखाली ठेवून गेली. ते मालकानं जुन्या पात्यानं खरवडून काढलं. सगळे एका माळेचे मणी, आणि मणीही चिकट.

तिसरा आला तेव्हा चार वाजून गेले होते. गालावर खुंट, कॉलरवर कोंड्याचा सडा, कानात मेणाची खाण. मालकानं त्याला खुर्चीत ढकललंच.

"आधी दाढी, मग दर. दाढी फुकट."

फेस झाला. वस्तरा परजला.

"हं. किती कापता?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो," फेसातून आवाज आला. "गळ्याजवळ जरा जपून."

"आम्ही कापलेलं परत उगवतं. तुमचं बोला."

"पावणेदोन टक्के."

मालकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. आरशातून त्या माणसानं ते पाहिलं.

"बरं, दीड."

वस्तरा हनुवटीखाली थांबला.

"सव्वा करतो, साहेब. तुमच्यासाठी."

मालकाच्या कपाळाची शीर उडू लागली. घड्याळात पाच वाजत आले होते.

"एक!" माणूस ओरडला. फेस थरथरला. "एक टक्का! याच्याखाली गेलो तर माझी नोकरी जाईल हो!"

मालकानं वस्तरा पुसला. दाराकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग नाक दाबून त्या मेणचट कानाशी तोंड नेलं.

"अहो, सारखे खाली काय घसरताय? वर चढा, वर! वहिनीला मी तीन वर्षं सात टक्के सांगत आलोय."