अर्धवट भिजलेले बदाम

"हा बदाम भिजलेला नाही, सूनबाई. नुसती आंघोळ करून आलाय," घड्याळजी म्हणाले आणि उजव्या हाताच्या चिमटीत त्याला पुन्हा दाबू लागले.

साल निघाले नाही. बदाम मात्र चिमटीतून सुटला, ओट्यावरून उडाला आणि पलीकडच्या टोकाला ठेवलेल्या रिकाम्या पेल्यात टणकन जाऊन पडला.

"नेम चांगला आहे हो तुमचा, बाबा!"

"नेम कसला, नशीब! बोटं माझं ऐकतात कुठे?"

सुनेने दुसरा बदाम त्यांच्या पुढ्यात सरकवला. बदाम अर्धवट भिजले होते ही तिची चूक नव्हती. तो तिचा डाव होता. रात्रभर भिजलेल्या बदामाचे साल नुसत्या स्पर्शाने सुटते. असल्या आज्ञाधारक बदामाचा दुबळ्या हाताला काय उपयोग?

गेल्या हिवाळ्यात घड्याळजींना अर्धांगाचा सौम्य झटका आला होता. चालणे सुधारले, बोलणे तर कधी थांबलेच नव्हते. पण उजव्या हाताची बोटे रुसून बसली. व्यायामासाठी मिळालेला रबराचा चेंडू त्यांनी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात हयात गेलेला माणूस चेंडू दाबत बसणार नव्हता. "उन्हाळा संपेपर्यंत बोटं वळली तर ठीक," त्यांनी जाहीर केले होते, "नाहीतर दुकान शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन मोकळा होतो." मुलगा बोटीवर नोकरीला, आईविना वाढलेला, तेव्हा या माणसाशी वाद घालायला घरात एकटी सूनच उरली होती.

तिने वाद घातला नाही. ती सरळ खोटे बोलली. ती स्वतः नुकतीच विषमज्वरातून उठली होती. अन्न घशाखाली उतरत नसे आणि कोणी आग्रह केला की ती ताटावरून उठून जाई. त्या आजारपणाचाच तिने उपयोग करून घेतला.

"डॉक्टरांनी मला दूध बंद केलंय. बदामाचं चालेल म्हणाले, पण घरी केलेलं. आता सोलायला, वाटायला, गाळायला सकाळी वेळ कुणाला आहे?"

घड्याळजींनी तिच्या मनगटाकडे पाहिले. तापात तिचे घड्याळ कोपराकडे घसरू लागले, तेव्हा पट्ट्याला दोन जादा भोके त्यांनीच टोच्याने पाडून दिली होती. त्या वेळी त्यांचा हात धड होता.

"मला आहे," ते म्हणाले. "पण केलेलं सगळं तू माझ्यासमोर संपवायचं. घोटभर जरी मोरीत गेलं, तर त्या दिवसापासून मी बदामाला हात लावणार नाही."

तिला बदामाचे दूध मुळीच आवडत नसे. तरी तिने अट मान्य केली. ऑफिसात हिशेबनिसांबरोबर दुधाचा चहा होताच तोंडाची चव पालटायला.

तेव्हापासून रोज सकाळी हा सोहळा चाले. पाणी किती, मिक्सर किती वेळ, कापड मलमलीचे की जाडेभरडे, या प्रत्येक मुद्द्यावर घड्याळजी कोर्टात उभे असल्यासारखे बोलत. कापडाचे गाठोडे पिळण्याचे काम मात्र ती आग्रहाने त्यांनाच देई. सुरुवातीला त्यांच्या हातून सुटलेल्या गाठोड्यातून ती आणखी अर्धा पेला काढत असे. आज तिने दोन्ही हातांनी पीळ दिला. थेंबही पडला नाही. आतला चोथा लाकडाच्या भुशासारखा कोरडा होता.

ती मनातल्या मनात हसली. उन्हाळा संपायला अजून अवकाश होता आणि चष्मेवाल्याला दुसरे दुकान शोधावे लागणार होते.

"पी," घड्याळजी म्हणाले. "आणि तोंड वाकडं करू नकोस. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"हो हो, माझ्याचसाठी!" हसू दाबून तिने पेला रिकामा केला.

निघताना तिने दाराजवळच्या खिळ्याकडे नजर टाकली. दुकानाची किल्ली तिथे होती. संध्याकाळी ती परतायची तेव्हाही तिथेच असायची.

ऑफिसात हिशेबनिसांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि स्वतःचे मनगट नाचवले.

"बघा, टिकटिकतंय! आजोबांचं घड्याळ, सगळ्यांनी हात टेकले होते. तुमच्या सासऱ्यांनी काल दुपारी माझ्यासमोर बसून चालू करून दिलं. हात आहे की जादू!"

"काल दुपारी? कुठे?"

"कुठे म्हणजे? दुकानात. तीन गिऱ्हाइकं माझ्यापुढे होती."

चहा तसाच ठेवून ती निघाली.

दुकान सताड उघडे होते. डोळ्याला भिंग लावून घड्याळजी टेबलावर वाकले होते. उजव्या हातातल्या चिमट्यात तिळाहून लहान स्क्रू होता. तो त्यांनी जागेवर बसवला. हात तसूभरही हलला नाही.

"बाबा, हात कधी बरा झाला?"

"चिमट्याला विचार. थंडी सरल्यापासून तो कामावर आहे."

"आणि चष्मेवाला?"

"त्याला तेव्हाच नाही म्हणून कळवलं."

"मग रोज सकाळचं ते नाटक कशाला? मी मेली खोटं बोलले, ते तुमच्या हातासाठी!"

"ठाऊक आहे. ज्या डॉक्टरांनी तुझं दूध बंद केलं, ते ऑफिसातल्या चहाबद्दल काही बोलले नाहीत, हेही हिशेबनिसांकडून कळलं."

भिंग न काढता त्यांनी तिचे मनगट उजेडात धरले आणि पट्टा निरखून पाहिला.

"मी पाडलेल्या भोकांतलं एक सुटलंय, एक अजून उरलंय," ते म्हणाले. "पट्टा मूळच्या भोकात बसेपर्यंत हा हात लुळाच आहे, सूनबाई. उद्या बदाम जरा नीट भिजव."