चार लांब स्क्रू

"आई, ठोकळा कुठाय?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असेल इथेच."

"इथेच म्हणजे कुठे? कामावर जाताना सायकलच्या पुढच्या चाकाखाली ठेवून गेले होते मी. त्याला काय पाय फुटले?"

सासूबाई देठ खुडत राहिल्या. तिने सरळ त्यांच्या खोलीत जाऊन पलंगाखाली हात घातला. ठोकळा तिथेच होता, जुन्या शालीत गुंडाळलेला. या महिन्यात तिसऱ्यांदा.

ठोकळा तिने स्वतः केला होता. ती फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करायची. उरलेल्या लाकडाचा तुकडा मागून आणून, मधोमध टायर बसेल अशी खाच कोरून, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या होत्या. नवरा घरातच सायकल चालवायचा, ट्रेनरवर. ट्रेनर म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा लोखंडी घोडा. मागचं चाक वर गेलं की सायकल पुढे कलते आणि अंगाचा सगळा भार हातांवर येतो. पुढच्या चाकाखाली ठोकळा सारला की सायकल समतल होते.

आणि त्याच्या हातांवर भार येऊन चालणार नव्हतं. तो अग्निशमन दलात होता. आठ महिन्यांपूर्वी एका जळत्या गोदामाचा जिना त्याच्यासकट खाली आला आणि दोन्ही मनगटं मोडली. येत्या शुक्रवारी केंद्रात चाचणी होती. सायकलवर तीस मिनिटं, मध्ये न थांबता. आधीच्या दोन हुकल्या होत्या. ही हुकली तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर हे क्वार्टरही.

ठोकळा असला की तो बावीस मिनिटांपर्यंत जायचा. नसला की दहाव्या मिनिटाला मनगट धरून खाली उतरायचा. तिने जुन्या मासिकांचा गठ्ठा लावून पाहिला होता. चाक घसरलं आणि तो पडता पडता वाचला.

"जाऊ दे ना," संध्याकाळी तो म्हणाला. "आईचं वय झालंय. विसरते."

"शालीत गुंडाळून विसरतात?" तिने गॅस पेटवला. "विसरणारा माणूस एवढी नीट घडी घालतो होय!"

"उकडतंय इथे," म्हणत तो बाहेर गेला. हल्ली स्वयंपाकघरात त्याला नेहमीच उकडायचं. त्याचं ताट सासूबाई बाहेर नेऊन द्यायच्या.

बुधवारी ती कारखान्यातून आली तर पुढचं चाक पुन्हा फरशीवर. नवरा खुर्चीत बसून मनगट चोळत होता. "नऊ मिनिटं," तो पुटपुटला. ठोकळा सासूबाईंच्या ट्रंकेत निघाला, साड्यांच्या तळाशी.

मग मात्र तिचा तोल गेला.

"तुम्हाला मुलगा घरात बसलेला हवाय का? सांगून टाका एकदा! मी तिकडे दिवसभर फळ्या उचलते, इकडे तुम्ही त्याच्या पायाखालची काढून घेता. उद्या रस्त्यावर आलो ना, की हाच ठोकळा उशाला घ्या!"

"हळू बोल," नवरा म्हणाला.

"का हळू बोलू? शेजाऱ्यांनाही कळू दे, आई असून कशा वागतात त्या!"

सासूबाईंनी एकदाच मुलाकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

त्या एवढ्या शांतपणे बोलल्या की ती आणखीच भडकली. तिने तिथल्या तिथे नणंदेला फोन लावला. नणंद तासाभरात आली. तिचाही पारा चढलेला होता.

"वहिनी, आई अशी नाहीये गं."

"मग कोण आहे अशी? मी? शुक्रवारपर्यंत तुझ्याकडे ठेव. त्यानंतर मी स्वतः येऊन माफी मागेन, घेऊनही येईन. पण हे दोन दिवस मला त्या या घरात नकोत."

सासूबाईंनी पिशवी भरली. मुलाजवळ थांबून म्हणाल्या, "जेवत जा." मग दारात सुनेकडे वळून, अगदी हळू, "त्याच्यावर ओरडू नकोस."

"त्याच्यावर मी कशाला ओरडू?" तिने दार लावलं.

जेवणाआधी तिने हत्यारांची पेटी उघडली. एक रुंद फळी ट्रेनरच्या पायांना आवळून बांधली. तिच्या पुढच्या टोकावर ठोकळा ठेवला आणि चार लांब स्क्रू त्यातून आरपार फळीत उतरवले. प्रत्येक पिळाला दात खात होती. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा तळहाताला फोड आला होता.

"आता उचला म्हणावं," ती सासूबाईंच्या रिकाम्या खोलीकडे पाहून म्हणाली.

नवऱ्याने ठोकळा हलवून पाहिला. "घट्ट बसलाय," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी ती न्हाऊन बाहेर आली. एव्हाना चाकाची घरघर सुरू व्हायला हवी होती. घर गप्प होतं. केस टॉवेलात गुंडाळत ती खोलीच्या दाराशी आली.

तो सायकलशेजारी मांडी घालून बसला होता, तिच्याकडे पाठ करून. पेटीतला मोठा स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात होता. तीन स्क्रू फरशीवर ओळीने मांडलेले होते. ते आवळताना तिला सगळ्या अंगाचा भार टाकावा लागला होता.

चौथा तो एका हाताने सहज काढत होता.