आहुप्याची काठी

बेचाळिसावी शिवी आली तेव्हा ऋषी हिंजवडीच्या ऑफिसात डबा खात होता.

'काठी बाजारातली, फोटो दुसरीकडचा, ऐट तेवढी तुमची. बाता पुरे, साहेब.'

खाली नाव तेच, 'आडवाट'. आठ महिने हा इसम ऋषीच्या ब्लॉगवर ठाण मांडून बसला होता. नव्या मोबाइलवर लिहा, एसटीच्या प्रवासावर लिहा, ऑर्कुटवरच्या मैत्रीवर लिहा, खाली हा हजर. आणि शेवटी ते 'बाता पुरे, साहेब' ठरलेलं. ऋषीनं अर्धा डबा तसाच बंद केला.

भांडण सुरू झालं ते आहुप्याच्या लेखावरून. ऋषी मूळचा पिंपरी पेंढारचा. आहुपं म्हणजे शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं डोंगरावरचं गाव, पण लेखात त्यानं ते जणू स्वतःच शोधून काढलं होतं. तिथल्या देवराईबद्दल तर मोठ्या गमतीनं लिहिलं होतं. 'इथलं वाळकं पानही कुणी बाहेर नेत नाही. नेलंच, तर ज्यानं नेलं त्यानंच आपल्या हातानं परत आणायचं. गावानं मात्र मागायचं नाही. मागून घेतलेलं देवाला चालत नाही म्हणे! धन्य ती श्रद्धा!' त्याखाली त्याचा फोटो. डोक्याला रुमाल, छाती पुढं आणि हातात तिथल्याच फांदीची काठी.

'आडवाट'चं पालुपद एकच. तुम्ही तिथं गेलाच नाहीत.

आधी लोक हसले. मग ऑर्कुटवरच्या 'सह्याद्रीवेडे' या समूहात कुजबुज सुरू झाली. दीड हजार माणसं, आणि ऋषी त्यांचा म्होरक्या. ऑफिसात वरचा साहेब त्याला अजून 'ऋषभ' म्हणून हाक मारायचा, पण या समूहात त्याच्या शब्दाला वजन होतं. आता तिथूनच निरोप आला होता. रविवारपर्यंत पुरावा टाक, नाहीतर समूह सोड. ऋषीला हा अपमान सोसवत नव्हता. सगळी पत त्या एका काठीवर येऊन ठेपली होती.

शत्रू कोण, याची त्याला खात्री होती. वाचक कुठून आला ते सांगणारा ब्लॉगचा काउंटर दर वेळी 'पुणे' दाखवायचा, आणि शेजारच्या खुर्चीवरचा टेस्टिंगवाला दर सुट्टीला गड चढायचा. दुसऱ्याच्या चुका काढणं हा त्याचा धंदाच. ऋषीनं आधी त्याच्याबरोबरचा चहा टाकला, मग बोलणं टाकलं आणि शेवटी त्याच्याविरुद्ध वर तक्रारही ठोकली.

"अरे, पण माझं चुकलं काय?" तो बिचारा विचारत राहिला.

चोराच्या उलट्या बोंबा, ऋषी मनात म्हणाला.

शुक्रवारी त्रेचाळिसावी आली. 'खरे असाल तर काठी घेऊन जा. ज्या झाडाची म्हणता, त्या झाडाला टेकवा आणि फोटो टाका. साल जुळते का बघू. बाता पुरे, साहेब.'

"दाखवतोच तुला," ऋषी इतक्या मोठ्यानं म्हणाला की टेस्टिंगवाला दचकला.

रविवारी सकाळी त्यानं मोटरसायकलला काठी बांधली आणि निघाला. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण मागं पडलं. पुढं मोबाइलची रेंज गेली. रस्ताभर तो टेस्टिंगवाल्याला सुनवायची वाक्यं जुळवत होता.

आहुप्यात पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. बहिरू त्याचं नाव.

"या पावणं, पानी घ्या," म्हणत तो उठला. त्याची नजर काठीवर गेली आणि तिथंच थांबली. "काठी लई जपून आनलीत."

"पुरावा आहे बाबा तो. एक नालायक माझ्या मागं लागलाय. मी इथं आलोच नव्हतो म्हणतो."

"आसत्यात आशी मानसं," बहिरू म्हणाला आणि त्यानं आत हाक मारली, "नूतन, चल गं. पावन्यान्ला झाड दावू. माजी नात हाय. मंचरला शिकती."

पोरगी मागून चालू लागली.

देवराईतल्या देवळापुढं पाचोळा साचला होता. ढोलावर बोटभर धूळ होती.

"यंदा जत्रा भरली नाही का?" ऋषीनं उगाच विचारलं.

"न्हाई. देवाचं एक काम आडून ऱ्हायलं व्हतं."

ऋषीला देवाच्या कामाशी काय करायचं होतं? तो कॅमेरा काढण्यात गुंतला.

बहिरूनं फार न शोधता झाड दाखवलं. बुंध्याशी तोडल्या फांदीचा खुंट होता. ऋषीनं काठीचं टोक त्याला भिडवलं. सालीला साल जुळली.

"बघा! म्हणत होतो ना!" त्याला नाचावंसं वाटलं. त्यानं कॅमेरा नूतनच्या हातात दिला. "हे बटण दाबायचं. जमेल ना?"

"बघते," ती म्हणाली. तिनं फ्लॅश बंद केला आणि चार पावलं मागं सरली. "काठी नीट टेकवा. आता हात सोडा. थोडं बाजूला व्हा."

खटकन फोटो निघाला. बहिरूनं झाडापुढं हात जोडले.

"आता सापडला बेटा तावडीत," म्हणत ऋषी काठी उचलायला वाकला. म्हातारा मध्ये येऊन उभा राहिला.

"सरका बाबा, काठी घेतो. निघायला हवं."

बहिरू जागचा हलला नाही. नूतननं कॅमेरा ऋषीच्या हातात ठेवला.

"फोटो छान आलाय, टाका ब्लॉगवर," ती म्हणाली. "आणि आता बाता पुरे, साहेब."