पत्त्याविना नऊ सह्या

"हे घर वगळ गं," मी लेकीला म्हणाले. न्यू जर्सीतला तो बंगला तिच्याच पक्षाच्या खासदारांचा होता. अठरा वर्षं निवडून येणाऱ्या त्यांच्याविरुद्ध पक्षांतर्गत निवडणुकीत उभं राहायला लागणाऱ्या मतदारांच्या सह्या ती दारोदार गोळा करत होती.

"तेही मतदारच ना, आई?" म्हणत तिने बेल दाबली.

खासदारांनी स्वतःच दार उघडलं. कागद सावकाश चाळले. सही काही केली नाही.

"या नऊ सह्यांपुढे पत्ता नाही," ते म्हणाले. "माझा वकील नेमक्या याच बाद करायला लावेल. आजच परत जा, पत्ते लिहून घे."

लेक आभार मानून वळली.

"एवढ्या भल्या माणसाला पाडायचं तरी कसं गं?" मी विचारलं.

"त्यांनीच सांगितलं की आत्ता!" म्हणत ती त्या नऊंतल्या पहिल्या घराकडे पुन्हा निघाली.