बिनतेलाची नळी

तेल न घातलेली नळीही पिवळी पडली होती.

ताई नळीकडे बघतच राहिली. जांभळ्या द्रावणात कॅमोमाइलच्या फुलांचं निळं तेल टाकायचं. जांभळा रंग जाऊन पिवळा आला, तर त्या तेलात शरीराची झीज रोखणारं अँटिऑक्सिडंट आहे असं समजायचं. महिन्यापूर्वी रंग बदलला, तेव्हा ताई प्रयोगशाळेत नाचायची तेवढी बाकी राहिली होती. पण हे द्रावण नुसत्या उजेडानेही पिवळं पडतं, म्हणून ते अंधारात ठेवायचं आणि तुलनेसाठी शेजारी बिनतेलाची एक नळी असू द्यायची, हे या कामातल्या कुणालाही पाठ असतं. ताईलाही होतं. तरी त्या दिवशी तिने एकच नळी भरली आणि खिडकीत ठेवली, कारण धाकटी बहीण आली होती आणि तिला रंग बदलताना बघायचा होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! आज दुसरी नळी ठेवली तेव्हा कुठे डोळे उघडले.

धाकटीचं यकृत निकामी झालं होतं. दुसरं बसवल्याशिवाय इलाज नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि तिचा नंबर काही लागत नव्हता. रंग बदललेला पाहिल्यापासून ती रोज तेलाचे थेंब पाण्यातून घेत होती. बाटली ताईनेच दिली होती. घेऊ दे बापडी, तिच्या मनाला तेवढीच उभारी, असं ताईला वाटलं होतं. आणि खरंच, धाकटी दोन घास जास्त खाऊ लागली, ताईच्या साहेबांची नक्कल करून हसवू लागली.

खरं काय ते आजच सांगून टाकायचं, असं ठरवून ताई तडक घरी आली. रडली तर रडू दे, पण खोट्या आशेवर तिला ठेवायचं नाही.

धाकटी उशीला टेकून बसली होती. तिचे डोळे पूर्वीपेक्षा जास्त पिवळे झाले होते. महिनाभर हे आपल्याला दिसलं कसं नाही, असं ताईच्या मनात आलं. ती तोंड उघडणार, तोच धाकटी बोलली.

"ताई, रागावू नकोस हं. सकाळी दवाखान्यातून फोन आला होता, यकृत मिळालंय म्हणून. मी म्हटलं, मला तेलाने उतार पडतोय, यादीतल्या माझ्यामागच्या बाईला द्या. तिची लेकरं लहान आहेत गं. एव्हाना बसवलंही असेल तिला."

ताई खाली बसली.

"बरं केलं ना मी?"

"बरं केलंस," ताई म्हणाली.